प्रकल्प नोंदी: आप्पांचा खोकला

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

छातीच्या डॉक्टरांकडे नंबर लागला. बुधवार १५ तारीख, संध्याकाळी साडेसहा, पाचपाखाडी. हातात अकरा दिवस आहेत.

हा उद्योग कशासाठी ते आधीच लिहून ठेवते, कारण दोन दिवसांनी मलाच हसू येणार आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही तिघं नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी विचारलं, कधीपासून? आई म्हणाली, गणपतीपासून. मी म्हटलं, त्याच्या आधीपासून. आप्पा म्हणाले, ‘कुठला खोकला? जरा ठसका लागतो.’ बीपीची गोळी कोणती चालू आहे? ‘ती पांढरी, बारकी.’ बाहेर पंधरा माणसं खोळंबलेली. तीन दिवसांचं अझिथ्रोमायसिन, म्हणजे अँटिबायोटिक, घेऊन परत आलो. फरक शून्य. डॉक्टरांना तरी काय बोलायचं, आम्ही दिलं त्यावरच त्यांनी औषध दिलं.

ऐरोलीला माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. कोणी नुसतं ‘चालत नाही’ लिहून बग पाठवला की मी तो परत पाठवते: कधी, कशावर, आधी काय बदललं होतं ते लिही. आप्पांच्या बाबतीत आम्ही नेमकं ‘चालत नाही’ एवढंच सांगून आलो होतो.

तेव्हा उद्दिष्ट एकच: १५ तारखेला डॉक्टरांच्या हातात एक पान द्यायचं. निदान करणं हे माझं काम नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहिते आहे, कारण ताई आत्ताच फोनवर म्हणाली, ‘गूगलवर बघितलंस ना?’ बघितलं. बंद केलं.

रविवार, ५ ऑक्टोबर

पहिलं काम, सुरुवातीची तारीख. वाटलं होतं पाच मिनिटांचं आहे. अख्खा रविवार गेला.

गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तिथून धरलं तर १५ तारखेला बरोबर सात आठवडे भरतात. मोठ्या माणसाचा खोकला तीन आठवड्यांच्या आतला, तीन ते आठ आठवड्यांचा आणि आठच्या पुढचा असे तीन गट डॉक्टर करतात आणि प्रत्येकात कारणं वेगळी शोधतात. मधल्या गटात सर्दी-पडसं होऊन गेल्यावर रेंगाळलेला खोकला बराच असतो. आठच्या पुढे गेला की नाकामागून घशात उतरणारा स्राव, दमा, पित्त वर येणं आणि औषधं असा शोध सुरू होतो. म्हणजे सात की आठ, याला अर्थ आहे. आणि आमचा सात हा आकडा आईच्या आठवणीवर उभा. गणपतीत घरी पाहुणे होते, खोकला सगळ्यांनी ऐकला, म्हणून तो तेव्हापासूनचा.

आठवण विश्वासाची नाही, म्हणून फोन उघडला. आप्पा लिहीत नाहीत, बोलून पाठवतात; त्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाज मागे मागे ऐकत गेले. १९ ऑगस्ट, खोकला आहे. २ ऑगस्ट, आहे. २१ जुलै, दूध आणायला सांगताना दोनदा. मग आत्याने पाठवलेला आषाढीचा व्हिडिओ सापडला. ६ जुलै, सोसायटीच्या विठ्ठलमंदिरात आप्पा अभंग म्हणतायत आणि तिसऱ्या ओळीला थांबून, तोंडावर उपरणं धरून खोकतायत. मागे कोणीतरी ‘पाणी द्या’ म्हणतंय. तो आवाज माझा आहे. मी तिथे होते आणि मला हे आठवतच नव्हतं.

त्याआधीचं काही नाही. २५ जूनच्या आवाजात एकदाही नाही.

६ जुलै ते १५ ऑक्टोबर म्हणजे १०१ दिवस. सात आठवडे नव्हे, चौदा.

आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘पाहुण्यांमुळे मला ऐकू आला गं.’

सोमवार, ६ ऑक्टोबर

कोजागिरी. मसाला दूध आटवताना आत्या मला बाजूला घेऊन हळूच, ‘तसलं काही नसेल ना?’ तसलं म्हणजे टीबी. हा शब्द आमच्याकडे अजून कुजबुजीतच येतो.

सरकारी क्षयरोग कार्यक्रमाचा नियम साधा आहे: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करून घ्या. ताप, वजन घटणं, थुंकीतून रक्त, यांपैकी काही असेल तर करायचीच. तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रात फुकट. आमचे दोन आठवडे जुलैतच उलटून गेले होते. एवढं शिकलेलं घर आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही. कुजबूज बंद. बुधवारी पालिकेच्या आरोग्य केंद्रात जाते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

रात्री आप्पांच्या उशाशी जुना फोन ठेवून आवाज रेकॉर्ड केला. आधी विचारलं. म्हणाले, ‘रेडिओवर लावणार हाईस का?’

अकरा ते पाच: ३८ वेळा. सकाळी बसमध्ये हेडफोन लावून वडिलांचा खोकला मोजणं हा प्रकार वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. ‘वेळा’ म्हणजे काय हे आधी ठरवावं लागलं. एका उबळीत पाच ठसके असले तर एक की पाच? उबळ एक धरली. आडवं झाल्यावर पहिल्या तासात निम्म्याहून जास्त. सगळा कोरडा, खरवडल्यासारखा. शिट्टी किंवा घरघर मला तरी ऐकू आली नाही. कानावर विश्वास नको म्हणून एक मिनिटाचा तुकडा कापून वेगळा ठेवला.

बुधवार, ८ ऑक्टोबर

केंद्रातून थुंकीची डबी आणली. तिथल्या ताईंनी नीट समजावलं: सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, नुसत्या पाण्याने चूळ भरायची, खोल श्वास घेऊन छातीतून खाकरायचं, लाळ नको, खिडकीशी उभं राहून करायचं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

खिडकीशी उभं राहून अर्धा तास. फक्त लाळ आली. आप्पा वैतागले: ‘नाहीच तर देऊ कुठनं?’ खरंच आहे. कफ नाही, हीदेखील माहिती. पानावर लिहिली.

रात्री ४१.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

औषधांची पिशवी. नावं लिहून न्यायची नाहीत, पाकिटं आणि बाटल्या तशाच न्यायच्या, असं ठरवलं होतं. घरभर फिरून गोळा केलं तर टेबल भरलं.

खोकल्याच्या तीन बाटल्या, तीन वेगवेगळ्या दिवशी काउंटरवरून आणलेल्या. मागचा बारीक मजकूर वाचला तर दोघींत तेच: डेक्स्ट्रोमेथॉर्फन (खोकला दाबणारं) आणि क्लोरफेनिरामाइन (ॲलर्जीचं, गुंगी आणणारं). नावं आणि रंग वेगळे, चव आप्पांच्या मते ‘दोन्ही घाण’. आप्पांना दुपारी येणारी गुंगी यातलीच असणार, आम्ही ती वयावर ढकलली होती.

मग आईचा कप्पा. अडुळशाचं, आलं-मध, खडीसाखर, लवंग, हळदीचं दूध आणि ज्येष्ठमध. ज्येष्ठमधाच्या काड्या आप्पा ऑगस्टपासून दिवसभर चघळतायत. काढे-बिढे सांगायचे नाहीत, डॉक्टर चिडतात, असं आईचं मत. मी सगळं लिहिलं. पोटात जातं ते औषध.

शेवटी ती पांढरी, बारकी. रॅमिप्रिल. मला वाटत होतं वर्षानुवर्षं तीच चालू आहे. तसं नाही. मेपर्यंत अम्लोडिपिन होतं, त्याने घोट्याला सूज यायची म्हणून डॉक्टरांनी बदललं. कधी? ‘पावसाच्या तोंडाला’, इति आप्पा. मेडिकलवाल्याकडे गेले. त्याने कॉम्प्युटरमध्ये नाव घातलं आणि बिलं काढून दिली: रॅमिप्रिल अडीच मिलिग्रॅम, पहिलं बिल ९ जून. पाच मिलिग्रॅम, ११ जुलै.

९ जून ते ६ जुलै, सत्तावीस दिवस.

आता मला माहीत असलेलं एक वाक्य इथे लिहायलाच हवं. रॅमिप्रिल, एनालॅप्रिल, लिसिनोप्रिल या घराण्यातल्या, म्हणजे एसीई इनहिबिटर गटातल्या गोळ्यांनी काही लोकांना कोरडा खोकला लागतो. शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ असतो, तो मोडण्याचं काम ही गोळी अडवते. तो साठतो आणि घशात-श्वासनलिकेत खाज सुटल्यासारखी उबळ येते. गोळी सुरू झाल्यावर काही तासांत होऊ शकतो, काही महिन्यांनीही. आठवणीत ‘गणपतीपासून’ होतं तेव्हा हे दोन दिवस एकमेकांच्या जवळच आले नसते.

ताईला सांगितल्याचा पश्चात्ताप झाला. ‘मग आजच बंद करून बघा!’ नाही. बीपीची गोळी घरच्या घरी बंद करायची नसते, हे एक. दुसरं माझ्या धंद्यातलं: टेस्टच्या पाच दिवस आधी कोणी सिस्टीममध्ये हात घालत नाही. बीपी चढलं तर काय, आणि खोकला थोडा कमी झाला तर तो कशाने हे कोण सांगणार? आणि सत्तावीस दिवसांचा मेळ हा पुरावा नाही, निव्वळ मेळ आहे. याच दिवसांत पाऊस सुरू झाला, भिंतीला ओल आली, शेजारच्यांच्या एसीवर कबुतरांनी घरटं केलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

कबुतरांचं निघालंच आहे तर. यंदा दादरचा कबुतरखाना बंद केल्यापासून प्रत्येकाचं त्यावर मत आहे. मतं बाजूला ठेवली तरी पक्ष्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ काहींच्या फुप्फुसांना सोसत नाही, त्याने फुप्फुसाला सूज येते, हे डॉक्टर फार पूर्वीपासून सांगतात. आमच्या डक्टच्या बाजूला जाळी नाही. लिहिलं: घरटं जूनपासून, अंतर साधारण चार फूट.

उलट बाजूचा पुरावा: पितृपक्षात आप्पा नऊ दिवस कोरेगावला होते. तिथे कबुतरं नाहीत, डासांची कॉइल नाही, ठाण्याची धूळ नाही. काकूला फोन केला. ‘खोकत होते की, रात्रभर.’ वाटलं, चला, घर निर्दोष सुटलं. मग हेही अर्धवट वाटलं, नऊ दिवस पुरेसे असतात का? निष्कर्ष खोडला, नुसती नोंद ठेवली.

रात्री २९.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज ‘काम-धंदा’ हा रकाना. वाटलं होतं एक ओळ: एसटी, खोपट, निवृत्त २०१६. दीड तास बसलो.

आप्पा १९८१ला लागले. पहिली अकरा वर्षं ब्रेकच्या कामावर. मी विचारलं, नक्की काय करायचात? आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला ते दाखवलं, ताटली उलटी धरून. चाक काढायचं, ड्रम ओढून घ्यायचा, आत लायनरचा भुगा साठलेला असतो, करडा, पिठासारखा. कॉम्प्रेसरची नळी आत धरायची आणि हवा मारायची. ‘असा ढग उठायचा, समोरचा माणूस दिसायचा नाय.’ तोंडाला? ‘रुमाल. उन्हाळ्यात रुमाल पण नाय.’ घरी यायचे तेव्हा केस करडे झालेले असायचे. आई हसत म्हणाली, ‘मला वाटायचं हे लवकर म्हातारे होणार.’

त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये फुप्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस असायचं. मी हे मोठ्याने बोलले नाही. त्यांना त्या ढगाचा अभिमान होता, दिवसाला किती गाड्या काढायचो ते सांगत होते. मी लिहीत राहिले.

मग बिडी. ‘कवाच सोडली.’ कधी? ‘अठ्ठ्याण्णवला.’ आतून आई: ‘खोटं! २००४ला, हिच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी.’ मी निकालाच्या दिवशी काय झालं ते आठवलं आणि आई बरोबर आहे. दिवसाला आठ-दहा बिड्या, साधारण तेवीस वर्षं. सिगारेटचा हिशोब डॉक्टर पाकिटं गुणिले वर्षं असा करतात. बिड्यांचं रूपांतर मी करत बसले नाही, आकडा आहे तसा लिहिला. आप्पा दहा मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, ‘हे डॉक्टरला सांगायचं का?’ हो आप्पा, सांगायचं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

वजन ६२.९ किलो. जानेवारीच्या तपासणीच्या कागदावर ६४.५. ताप नाही (आठ दिवस संध्याकाळी मोजला), रात्री घाम नाही, रक्त कधीच नाही, जिना चढताना पूर्वीइतकाच दम.

पान तयार केलं तर चार पानं झाली. ताई म्हणाली, ‘कोण वाचणार एवढं?’

मंगळवार, १४ ऑक्टोबर

चाराचं एक केलं. रात्रीचे आकडे एका ओळीत. कबुतरं एका ओळीत. सगळ्यात वर तारखांची रेघ: ९ जून गोळी बदलली, २५ जूनपर्यंत खोकला नाही, ६ जुलैला आहे, ११ जुलै डोस वाढला, सप्टेंबर अझिथ्रोमायसिन, फरक नाही. ‘म्हणून गोळीमुळे असावा’ हे वाक्य लिहिलं होतं, खोडलं. डॉक्टरांना स्वतः जोडू दे. चुकीचं जोडून दिलं तर पुढचा माणूसही तेच बघत बसतो, हे ऑफिसात रोज पाहते.

खाली तीन प्रश्न, तेवढेच. २०२२चा छातीचा एक्स-रे माळ्यावर सापडला, गॅसच्या कागदांत.

बुधवार, १५ ऑक्टोबर

साडेसहाची वेळ होती, सव्वासातला आत गेलो. त्याआधी आप्पांना मामलेदारची मिसळ हवी होती. श्वासाची तपासणी झाली तर भरल्या पोटी नको म्हणून मी नाही म्हटलं, त्यामुळे आत जाईपर्यंत अबोला.

डॉक्टर: काय त्रास आहे? आप्पा: ‘काय नाय, जरा ठसका.’ मी पान पुढे सरकवलं. त्यांनी साधारण मिनिटभर वाचलं आणि पेनाचं टोक ९ जूनवर, मग ६ जुलैवर ठेवलं. ‘ही तारीख कशावरून?’ व्हिडिओवरून. ‘बघू.’ व्हिडिओ पाहिला आणि रात्रीचा तुकडाही ऐकला. एवढं कोणी ऐकेल असं मला वाटलं नव्हतं.

मग विचारलेले पहिले तीन प्रश्न माझ्या पानावर नव्हते. झोपताना उशा किती? जेवून किती वेळाने आडवे होता? बोलताना, हसताना येतो का? तिसऱ्याला आप्पा स्वतःहून म्हणाले, ‘गाताना येतो. म्हणून सोडलंय गाणं.’ गाणं सोडलंय हे आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं.

पाठीला, खालच्या बाजूला, बराच वेळ स्टेथोस्कोप. एक्स-रे तिथेच काढला आणि २०२२च्या शेजारी लावला. फुंकण्याची तपासणीही झाली (आप्पांनी तीनदा फुंकलं, तिसऱ्यांदा नळी कॉम्प्रेसरची असल्यासारखं). एक्स-रे साफ. श्वास वयाच्या मानाने चांगला. ब्रेकच्या ओळीवर ते थांबले. म्हणाले, ॲस्बेस्टॉसचं वीस-तीस वर्षांनीही दिसू शकतं, आज फिल्ममध्ये तसं काही नाही, पण सांगितलंत ते बरं केलं, दोन्ही फिल्म फेकू नका.

रॅमिप्रिलऐवजी टेल्मिसार्टन, म्हणजे दुसऱ्या गटातली बीपीची गोळी, उद्यापासून. तिन्ही बाटल्या बंद. ज्येष्ठमधही बंद, कारण त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. हे ऐकताना आईचा चेहरा बघण्यासारखा होता. खोकला गोळीचा असेल तर बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिने लागतात. तोवर मध्ये नवीन काही घ्यायचं नाही. ताप, रक्त, वजन आणखी घटलं तर वाट न बघता यायचं. कबुतरांचं मी विचारलं. म्हणाले, नऊ दिवस गावी राहून काही ठरत नाही, आज तरी छातीत तशी चिन्हं नाहीत, जाळी मात्र बसवा.

येताना मिसळ. उशिरा का होईना, मिळाली.

शनिवार, २५ ऑक्टोबर

दिवाळीचे चार दिवस मोजणं सोडून दिलं. फटाक्यांच्या धुरात अख्खा मजला खोकत होता, त्या आकड्यांना अर्थ नाही. काल रात्री २४. बीपी १३४/८२. जाळीवाला ‘उद्या येतो’ म्हणाला. तिसऱ्यांदा.

सोमवार, ३ नोव्हेंबर

रात्री १३. कार्तिकी एकादशीला आप्पा देवळात गेले, मागे बसले, टाळ धरला, गायले नाहीत. मी काही म्हटलं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

चार आठवडे झाले. रात्री ६. वजन ६३.४. जाळी बसली. सहा म्हणजे शून्य नव्हे, आणि डॉक्टरांनी जानेवारीपर्यंत मुदत दिली आहे, तेव्हा प्रकल्प चालू ठेवते.

रेकॉर्डिंग मोजताना आता दुसराच आवाज मध्ये येतो. आईचं घोरणं. ते ती साफ नाकारते.

पुढची तारीख १० डिसेंबर. पिशवीत सगळं आहे, फक्त फुंकण्याच्या तपासणीचा कागद सापडत नाही. आप्पा म्हणतात, आईच्या पोथीत खूण म्हणून घातलाय.